ल पूस चढून पोर्ट लुईसला उतरले : मॉरिशसमधला एक दिवस पायी

चालती_बोलती | शनिवार, रात्री ९.४०

मॉरिशसला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात "हनिमून का?", मग "कुठलं बीच?" लग्नाला सतरा वर्षं झाली आणि वाळूत मी एकूण पाऊण तास होते. नवऱ्याचं एबेनला चार दिवस काम होतं, मी शेपूट म्हणून गेले. शेवटचा दिवस माझा एकटीचा होता. हॉटेलातल्या टूरवाल्याला म्हटलं, मला डोंगर चालायचाय. तो म्हणाला, "मादाम, चालायला इथे काय आहे? बोटीची सहल घ्या." तिथेच ठरलं.

डोंगराचं नाव ल पूस. पूस म्हणजे अंगठा. पोर्ट लुईस शहराच्या पाठीशी डोंगरांची रांग आहे, तिच्यातून मुठीतून अंगठा वर काढावा तसा हा सुळका दिसतो. उंची ८१२ मीटर, म्हणजे बेटावरचा तिसरा. मोकाच्या बाजूने चढायचं आणि पलीकडे थेट राजधानीत उतरायचं, असा बेत होता.

साडेसातला सें प्येरच्या रस्त्यावर बसमधून उतरले. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. ऊन लख्ख, पण हवा आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळसारखी. सुरुवातीची वाट उसातून जाते, दोन्हीकडे ऊस डोक्याच्या वर. आणि या उसात मधेमधे दगडांचे ढीग. आपण बांधावर टाकतो तसे नाहीत हो, चांगले घराएवढे उंच, कडा नीट रचलेल्या, वर निमुळते. पहिला पाहून मला वाटलं एखादं देऊळ पडलंय. जवळ जाऊन हात लावला. काळा दगड, भोकंभोकं पडलेला, शिळ्या पावाच्या तुकड्यासारखा. वर पांढुरकं दगडफूल चढलेलं. गोड्या मसाल्यातल्या आपल्या दगडफुलाचंच भावंड असावं. वास घेऊन पाहिला, काही नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं बेटच थिजलेला लाव्हा. ऊस लावायचा तर आधी दगड वेचा. वेचले ते आधी गुलामांनी, आणि १८३५ साली गुलामी कायद्याने संपल्यावर करारावर आणलेल्या हिंदी मजुरांनी. त्यातले बरेच बिहारकडचे, काही मद्रासकडचे, आणि काही मुंबई बंदरातून चढलेले, आपल्या रत्नागिरीकडचे. मी संगमेश्वर तालुक्यातली. आमच्याकडे कातळावर माती टाकून भात काढतात. हजारो मैलांवर येऊन परत काळे दगडच नशिबी आले, हे त्या ढिगापाशी उभं राहून जरा जड गेलं.

असो. ऊस संपला की झाडी लागते. त्यात चिनी पेरू माजलाय. लिंबाएवढं लाल फळ, आंबटगोड. बाहेरून आणलेलं झाड आहे, तिथल्या मूळ जंगलाला त्याने पार दाबून टाकलंय. शत्रू चविष्ट आहे एवढं म्हणेन. हंगाम सरत आला होता तरी मूठभर मिळाले. आणि डोक्यावर कोण ओरडतंय? शेंडीवाला आपला शिपाई बुलबुल! तोही बाहेरचाच. साळुंक्या तर अंगणात असाव्या तशा.

तासाभरात डोंगराच्या खांद्यावर आले. इथे सपाटी आहे, वारा आहे, टोपी उडते. पुढे शेवटचा अंगठा. दहा-पंधरा मिनिटंच, पण हात लावल्याशिवाय जमत नाही. माझ्या पुढे एक शाळकरी पोरगा स्लिपर घालून चढत होता, त्याच्याकडे न बघणंच बरं.

वर मात्र... एका बाजूला पोर्ट लुईस, त्याची गोदी, घोड्यांच्या शर्यतीचं हिरवं मैदान (१८१२ पासूनचं आहे ते), मग खाडीचा हिरवट आणि बाहेरच्या समुद्राचा निळा पट्टा, आणि दोन्हींच्या मधे प्रवाळावर फुटणारी पांढरी रेघ. दुसऱ्या बाजूला नुसता ऊस. ईशान्येला पिएतेर बोथचा डोंगर, त्याच्या माथ्यावर एक भलामोठा धोंडा असा ठेवलाय की बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. हा पिएतेर बोथ डच ईस्ट इंडीजचा पहिला गव्हर्नर जनरल, १६१५ साली मॉरिशसजवळ बुडून मेला. तिथल्या लोकांना त्याच्याशी देणंघेणं नाही. ते म्हणतात तो एक गवळी आहे. डोंगरात पऱ्या नाचताना दिसल्या, कुणाला सांगू नकोस अशी ताकीद मिळाली, बाबाने गावात जाऊन सांगितलं आणि दगड झाला. आपल्याकडे अख्खी वरात दगड होते, इथे एकटा गवळी.

याच माथ्यावर १८३६ च्या मे महिन्यात चार्ल्स डार्विन चढला होता. बीगल जहाज परतीच्या वाटेवर इथे दहाएक दिवस थांबलं होतं. त्याने लिहून ठेवलंय की बेटाच्या मधलं पठार नंतरच्या लाव्ह्याचं आहे आणि त्याच्या भोवती जुन्या, मोडक्या डोंगरांचं कडं आहे. मी तो परिच्छेद मोबाइलवर उतरवून नेला होता, वर बसून वाचला. डबा काढला. नवऱ्याने हॉटेलच्या नाश्त्यातून पळवलेले दोन पाव आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी.

उतरताना पोर्ट लुईसकडच्या वाटेवर रामायण झालं. ओलसर माती, वर मुरूम, आणि माझ्या उजव्या बुटाचा तळवा टाळीसारखा वाजायला लागला. कपाटात तीन वर्षं पडलेले बूट घालून आले होते, शिक्षा झाली. ओढणी फाडायची हिंमत होईना, म्हणून सॅकचा पट्टा सोडून बुटाला बांधला आणि फटक-फटक करत शहरात उतरले. राजधानीत याहून वाईट प्रवेश कुणी केला नसेल. बाजारात शिरून आधी चपला घेतल्या, मग धोल पुरी.

धोल पुरीवर वेगळा धागा निघेल. कागदात गुंडाळून जोडी देतात, एकटी मिळत नाही. पातळ पोळी, आत हरभऱ्याच्या डाळीचं कोरडं सारण, वर मोठ्या पांढऱ्या वालांची उसळ, टोमॅटोची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यावर आलुदा. म्हणजे आपला फालुदाच, सब्जा घातलेला.

साडेतीनला आप्रवासी घाटावर पोचले. दारावरच्या बाईंनी सांगितलं, चारला बंद. प्रवेशाला पैसे नाहीत. १८४९ पासून मजुरांना उतरवून घेण्याचा तळ इथे होता. बराचसा भाग पुढे मोठ्या रस्त्याखाली गेला, थोडा राहिलाय. बोटीतून उतरल्यावर चढायच्या सोळा पायऱ्या आहेत, काळ्या दगडाच्या. सकाळच्या ढिगातला तोच दगड, इथे घडवलेला. पहिल्या पायरीशी दोन मिनिटं उभी राहिले. नवीन चप्पल चावत होती.

फोटो चढत नाहीयेत, कुणी मदत करेल का?

---

मिरचीभजी | शनिवार, रात्री १०.०५

मी पयली! ताई, धोल पुरी म्हणजे पुरणपोळी करताना गूळ विसरला आणि हळद-जिरं घातलं, असं माझं मत आहे. मी घरी करून पाहिली. डाळ बोटाने मोडेल इतपतच शिजवायची आणि पाणी पूर्ण निथळायचं, नाहीतर लाटताना फुटते. निथळलेलं पाणी कणकेत वापरायचं. गातो पिमाँ खाल्लं नाहीत? नाव फ्रेंच, "मिरचीचा केक". प्रत्यक्षात डाळवडा! सकाळी पावात घालून खातात. वडापाववाल्यांनी नोंद घ्यावी.

---

गडभटक्या | शनिवार, रात्री १०.३१

मस्त. चढाई आपल्याकडच्या कशाशी तुलना कराल? आणि वाट चुकण्याची भीती?

---

चालती_बोलती | शनिवार, रात्री १०.५०

राजगड पाली दरवाजाने चढणाऱ्याला काही वाटणार नाही. मोकाकडून दीड तास धरा, रमतगमत दोन. वाट ठळक आहे, उसात मात्र फाटे खूप, तिथे मी एकदा भलतीकडे गेले. डोळ्यासमोर अंगठा ठेवायचा. पोर्ट लुईसकडची बाजू जास्त उताराची, पावसानंतर टाळा. पाणी दोन लिटर न्या, वाटेत काही मिळत नाही.

@मिरचीभजी, गातो पिमाँ खाल्लं, चार. लिहिलं नाही कारण नवरा हा धागा वाचतो.

---

शंकेखोर | रविवार, सकाळी ८.१२

लेख आवडला, पण "काळा दगड" वगैरे वाचून आता कुणीतरी येऊन मॉरिशस आणि सह्याद्री सख्खी भावंडं आहेत म्हणणार. व्हॉट्सॲपवर फिरतंच आहे. दख्खनचं पठार भारतीय प्लेटवर (प्लेट म्हणजे भूकवचाचा सरकता तुकडा), मॉरिशस आफ्रिकन प्लेटवर. कसली भावंडं?

---

कातळवेडा | रविवार, सकाळी ९.०३

तो "कुणीतरी" मीच. कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, तेव्हा जरा लांबण लागेल.

शंकेखोर, प्लेटा वेगळ्या हे बरोबर. पण चूल एकच आहे. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, तिला आज रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. ती साधारण जागच्या जागी, वरची प्लेट सरकत राहते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्या जागेवर भारत होता. तेव्हा जो लाव्हा थरावर थर ओतला गेला तो आपला दख्खनचा कातळ. रायगड, हरिश्चंद्रगड, वेरूळ-अजिंठ्याची लेणी, सगळं त्यातलं. मग भारत भराभर उत्तरेला निघाला आणि मागे डाग पडत गेले : लक्षद्वीप, मालदीव, चागोस.

आता तुमचा मुद्दा. दोन प्लेटांमधली समुद्रतळाची कड, जिथे नवा तळ तयार होतो, तीच पुढे या चुलीवरून सरकली. त्यामुळे पुढचे डाग आफ्रिकन प्लेटवर पडले. त्यातलं मॉरिशस, सुमारे ८० लाख वर्षांचं. आणि सगळ्यात ताजं रियुनियन बेट, तिथला पितों द ला फुर्नेज ज्वालामुखी अजून उकळतोय. म्हणजे घावनं एकाच चुलीवरची, मधे तवा बदलला.

म्हणून भावंडं म्हणा किंवा नका म्हणू, पण सह्याद्री थोरला आणि मॉरिशस धाकटं. वयात जवळजवळ सहा कोटी वर्षांचं अंतर. आईबापांच्या चिकाटीला सलाम.

ताईंनी पाहिलेला भोकाभोकांचा दगड बहुधा नंतरच्या, तरुण लाव्ह्याचा. त्यातले वायूचे बुडबुडे निघून गेले आणि पोकळ्या तशाच राहिल्या. आपल्याकडे अशाच पोकळ्यांत पुढे पाण्याने खनिजं भरली, म्हणून पुणे-नगर-नाशिककडे खाणीत पांढरे-गुलाबी स्फटिक निघतात. ल पूस, पिएतेर बोथ ही रांग मात्र पहिल्या, जुन्या ज्वालामुखीचा उरलेला काठ. मधलं पठार नवं, भोवतीचे डोंगर जुने, ही डार्विनची नजर बरोबर होती.

---

शंकेखोर | रविवार, सकाळी ९.४०

तवा बदलला हे पटलं. व्हॉट्सॲपवाल्यांनी तवा सांगितलाच नव्हता. पण मग मॉरिशसखाली जुना बुडालेला खंड आहे ती बातमी काय होती?

---

कातळवेडा | रविवार, सकाळी १०.१५

ती खरी, फक्त मथळे फुगवलेले. २०१७ साली एक शोधनिबंध आला. मॉरिशसच्या खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण मिळाले, सुमारे ३०० कोटी वर्षं जुने. बेटच ८० लाखांचं, मग हे आले कुठून? लाव्हा वर येताना खाली दडलेल्या जुन्या भूखंडाच्या तुकड्यातून ओरबाडून घेऊन आला, असा अर्थ लावतात. भारत आणि मादागास्कर फाटताना मधे राहिलेला तुकडा. महाल-बिहाल काही नाहीत, कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

---

एबेनचा_पाहुणा | रविवार, दुपारी १.२०

सहा वर्षं इथे नोकरीला आहे. ताई, आमच्याच ऑफिसच्या आसपास होतात की! दोन गोष्टी जोडतो.

एक, ज्वालामुखीचं तोंड पाहायचं असेल तर ल पूसवर नाही, क्युरपीपला जा. त्रू ओ सेर, शब्दशः "हरणांचं भोक". मेट्रो क्युरपीपपर्यंत जाते, पुढे थोडं चालणं. साडेतीनशे मीटर रुंद वाटी, आत गर्द झाडी, तळाशी गढूळ डबकं. काठावरून पूर्ण फेरी मारता येते, सकाळी गावातले काका-काकू ट्रॅकसूट घालून गोल फिरत असतात. ज्वालामुखीच्या कडेवरून प्रभातफेरी, आणि विषय भाजीचे भाव! क्युरपीपला पाऊस फार, छत्री न्याच.

दोन, मराठी. इथले मराठी म्हणजे पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलेले. बऱ्याच जणांचं आडनाव म्हणजे खापरपणजोबाचं पहिलं नाव, कारण कारकुनाने कागदावर तेच लिहिलं. घरात क्रिओल (फ्रेंचवरून झालेली इथली बोली) बोलतात, पण शाळेत मराठी विषय घेता येतो, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. विसर्जन समुद्रात नाहीतर नदीत. गणपतीत कास्कावेलला गेलात तर झाकरी बघा. आपली कोकणातली जाखडीच ती. गोल धरून, ढोलकीवर, आणि शब्द असे जुने की मला निम्मे कळले नाहीत. शेजारी बसलेल्या आजींनी मला क्रिओलमध्ये अर्थ सांगितला. मी पुण्याचा!

---

चालती_बोलती | रविवार, दुपारी ३.०५

पाहुणे, हे वाचून तिकीट परत काढावंसं वाटतंय. आमच्या गावात गणपतीत जाखडी असते, माझे चुलते शाहीर होते. झाकरीतल्या एखाद्या गाण्याची ओळ आठवली तर कळवा, घरच्या वहीत ताडून बघते.

मजुरांच्या नोंदी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत ना? मी सकाळी बसने तिच्याजवळूनच गेले असणार आणि मला पत्ताच नाही.

---

एबेनचा_पाहुणा | रविवार, दुपारी ४.४८

हो, तिथेच. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज. १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले. माझ्या एका सहकाऱ्याने त्याच्या पूर्वजाची नोंद काढली होती. जिल्हा "रत्नागिरी" स्वच्छ, गावाचं नाव मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं. आम्ही दोघांनी नकाशा उघडून तासभर मोठ्याने उच्चार करून पाहिले. तीन गावांवर येऊन अडलोय. तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करतो, संगमेश्वरकडच्या माणसाने बघायला हवं.

---

आजोबा_७२ | रविवार, संध्याकाळी ६.३०

फोटो कुठे आहेत? लेक मस्कतहून मॉरिशसला नेणार म्हणते आहे. गुडघे साठ टक्के. ल पूस जमेल का? आणि शाकाहारी आहे, लसूण चालतो.

---

चालती_बोलती | रविवार, रात्री ८.१०

काका, ल पूसचा खांदा जमेल, अंगठा नको. उसातली वाट आणि झाडी एवढं केलंत तरी ते दगडांचे ढीग बघायला मिळतील, आणि माझ्या मते तेच बघायचं आहे. पाहुण्यांनी सांगितलेली क्युरपीपची फेरी तर तुमच्यासाठीच केलेली दिसते. मे ते ऑक्टोबर जा, जानेवारी-मार्चमध्ये वादळांचा धोका. शाकाहाराची चिंताच नको, धोल पुरीवर दिवस निघतो. काठी घरूनच न्या.

फोटो अजून चढत नाहीयेत. ढिगाचा एक चढला होता, तोही आडवा.

---

मिरचीभजी | रविवार, रात्री ८.२२

आडवा चालेल. धोल पुरीचा टाका आधी.

---

एबेनचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ७.५०

व्यनि केलाय. नोंदीत गाव "कोसूम" असं काहीसं वाचता येतंय.

---

चालती_बोलती | सोमवार, सकाळी ८.०२

कोसुंब! अहो, देवरुखच्या वाटेवर आहे. माझ्या आत्याचं सासर. थांबा, तिला फोन लावते.